बारा नखांचा पाहुणा

समजा, मृगाचा जोरदार पाऊस नुकताच पडून गेलाय. धुऱ्यावरून गढूळ पाणी वाहतंय. बंजारा समाजाच्या काशीला, आपल्या पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी आलेल्या गाड्या मानोऱ्याच्या रस्त्याने परत निघाल्यात. आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक हिरवट-तपकिरी ताटली चक्क चालतेय!

अहो, ते तर कासव! थांबा, उचलायची घाई नको. आधी त्याचे पाय बघा.

बोटं बदकासारखी पडद्यांनी जोडलेली आहेत? पाठ ओल्या चामड्यासारखी गुळगुळीत आहे? मग हे तळ्यातलं, मऊ पाठीचं कासव. त्याच्या प्रत्येक पायाला ३ नखं, म्हणजे एकूण १२. खरी गंमत आहे पोटाखाली, मागच्या बाजूला. तिथे कातडीच्या दोन झडपा असतात. घाबरलं की पाय आत घ्यायचे आणि दार लावून टाकायचं! उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं. पाऊस आला की बाहेर पडून नवं पाणी शोधायला निघतं.

पण पाय हत्तीसारखे खांब असतील, पाठ घुमटासारखी उंच आणि त्यावर पिवळ्या चांदण्या असतील, तर ते चांदणी कासव. ते राहतं जमिनीवर. गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतातल्या कोरड्या माळांवर त्याचं घर. आपल्याकडे दिसलं, तर बहुधा कुणी पाळायला आणून सोडलेलं. त्याला पोहता येत नाही. मराठीत दोघांनाही आपण ‘कासव’च म्हणतो ना? म्हणून प्रेमळ माणसंही चांदणी कासवाला विहिरीत सोडतात आणि ते बिचारं बुडून मरतं.

मग करायचं काय? मोठ्यांना हाक मारा. त्यांनी गाड्या थांबवून तळ्यातल्या कासवाला मागच्या बाजूने दोन्ही हातांनी धरावं, कारण त्याची मान लांब असते आणि ते कडकडून चावतं. तोंड जिकडे होतं, त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवावं. मागे आणून सोडलं, तर ते पुन्हा रस्त्यावर येईल. नंतर साबणाने हात धुवायचे. कासव जखमी असेल किंवा चांदणी असेल, तर हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाला १९२६ वर फोन करा.

पाठीवर रंगाने नाव लिहायचं नाही बरं का! कवच म्हणजे अंगात घातलेला डगला नव्हे. त्याच्या बरगड्या आणि कणा जुळूनच ते बनलंय. तिथे केलेला स्पर्श त्याला कळतो.

घरी तर मुळीच न्यायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ही दोन्ही कासवं अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांना पकडणाऱ्याला ३ ते ७ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. ‘वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो’ अशी थाप मारणारेही भेटतील. त्यांना ठणकावून सांगा, असा पाऊस कधीच पडत नाही. आपलं कासव मेलेले मासे आणि गोगलगायी खाऊन तळं मात्र स्वच्छ ठेवतं.

रस्ता पार झाला की लांब, गप्प उभे राहा. आधी नळीसारखं छोटंसं नाक बाहेर येईल. मग डोळे. मग झडपा उघडतील, चार पाय निघतील आणि आपला पाहुणा पाण्याच्या दिशेने चालू लागेल.