गाडी येईपर्यंत मन रुळावर ठेवा

वाट पाहणे आपल्या भागातील माणसाला नवीन नाही. सरकी टोबून पावसाची वाट, स्टँडवर एस.टी.ची वाट, मुलाच्या निकालाची वाट, लेकीच्या बाळंतपणाच्या निरोपाची वाट. आयुष्याचा बराच भाग यातच जातो. परंतु या वाट पाहण्याचा झोपेशी, पचनाशी आणि रक्तदाबाशी जवळचा संबंध आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. आज त्याचा विचार एका वेगळ्याच उदाहरणावरून करू.

सोयगावातील एक निवृत्त शिक्षक डोळ्यांसमोर आणा. वय एकसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. छंद म्हणाल तर छोट्या रेल्वेचा. परदेशी कंपनीने जाहीर केलेल्या एका अरुंद रुळांच्या इंजिनासाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी आगाऊ पैसे भरले. दिवाळीला येणार म्हणून सांगितलेले इंजिन पाडव्यावर गेले, पाडव्याचे पावसाळ्यावर. आता गुरुजी रात्री दोनला उठून मोबाईल पाहतात. सकाळी डोके जड, नातवावर चिडचिड, आणि घाईगडबडीत गोळी राहून जाते. घरचे म्हणतात, "एवढ्याशा खेळण्यासाठी काय हा जीव टाकणं!"

हा नुसता पोरखेळ नव्हे

घरच्यांनी हसण्याआधी थोडे समजून घ्यावे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे डोंगर, बोगदे, सिग्नल आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या पाहायला लहानांइतकेच मोठेही जातात. अशी हुबेहूब नगरी उभी करायला वर्षानुवर्षांचा संयम लागतो.

आपल्या शेजारची पाचोरा–जामनेर गाडी, म्हणजेच आपली पी.जे., सोयगावकरांना शेंदुर्णीवरून मिळे. तिच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. जगात बहुतेक छोट्या गाड्या मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने बनवतात. त्या हिशेबाने पी.जे.चे रूळ नऊ मिलिमीटरपेक्षाही थोडे कमी अंतरावर येतील. जेमतेम बोटाच्या रुंदीएवढे! ती गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. ज्याने तरुणपणी त्या डब्यांतून प्रवास केला, त्याला तशा चणीचे इंजिन आपल्या टेबलावर धावताना पाहावेसे वाटले तर त्यात नवल नाही. अशा वाट पाहण्यात आठवणीही गुंतलेल्या असतात.

उशीर का होतो?

कारण ठाऊक असले की निम्मी तगमग कमी होते, म्हणून थोडक्यात सांगतो. नवे इंजिन जाहीर होते तेव्हा बहुधा ते कागदावरच असते. मग मापे, आराखडे, पोलादी साचे, पहिला नमुना, त्यातील दुरुस्त्या, रंगाचा नमुना आणि शेवटी प्रत्यक्ष उत्पादन. बरेचसे काम चीनमधील कारखान्यांत चालते आणि माल जहाजाने येतो. नग थोडे असल्याने कारखान्यात पाळी लागेल तेव्हा लागते. वर्ष-दोन वर्षे जाणे ही या धंद्यातील नेहमीची गोष्ट आहे. आपलेच नशीब फुटके, असे मानण्याचे कारण नाही.

मेंदूत काय घडते?

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग १९९० च्या दशकात गाजले. माकडाला आधी खूण दाखवायची आणि मग फळांच्या रसाचा थेंब द्यायचा. सुरुवातीला रस मिळाल्यावर मेंदूतील डोपामिन सोडणाऱ्या पेशी चेतत. सवय झाल्यावर त्या खूण दिसताच चेतू लागल्या. मात्र खूण दाखवून रस दिला नाही, तर त्या पेशी नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे आशा लागली की मन उल्हसित होते, आणि ती फोल ठरली की पहिल्यापेक्षाही खाली जाते. तारीख पुढे ढकलल्याची बातमी वाचून गुरुजींचा चेहरा का पडतो, हे यावरून समजेल.

दुसरा प्रयोग २०१६ साली लंडनमध्ये झाला. काही माणसांना हाताला विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता कमीजास्त ठेवून त्यांच्या शरीरावरील ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण जेवढा होता, त्याहून तो बसेल की नाही हे निम्मे-निम्मे अनिश्चित असताना अधिक आढळला. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. वाट किती लांब आहे यापेक्षा ती किती अनिश्चित आहे, यावर त्रास अधिक अवलंबून असतो.

असा ताण आला की अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, पोटात आम्लता होते, झोप तुटते. हे चार दिवस चालले तर शरीर सावरून घेते. महिनोन्‌महिने चालले तर मात्र रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रुग्णाला ते बाधते.

वाट पाहण्यात सुखही आहे

नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांची पाहणी करून २०१० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी मंडळी निघण्यापूर्वी इतरांहून अधिक आनंदात होती. परत आल्यावर बहुतेकांच्या आनंदात इतरांपेक्षा फारसा फरक उरला नव्हता. लग्नापेक्षा लग्नाची तयारी अधिक गोड, हा आपल्या घरांतील अनुभव यापेक्षा वेगळा नाही. फरक एवढाच की तयारी करणाऱ्याचे हात कामात असतात. नुसती तारीख मोजत बसणाऱ्याच्या वाट्याला ते सुख येत नाही.

काय करावे?

१) चौकशीचा वार ठरवा. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी चहानंतर, दहा मिनिटे बातमी पाहावी. एरवी नाही. दर तासाला पाहिल्याने इंजिन लवकर येत नाही, झोप मात्र लवकर जाते.

२) रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी.

३) तारीख सैल धरा. कंपनीने दिवाळी सांगितली तर मनाशी पुढचा पाडवा धरावा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे होऊ देऊ नये.

४) हात चालू ठेवा. इंजिन येईपर्यंत स्टेशन तयार करावे. पुठ्ठ्याची इमारत, लाकडाच्या भुशाचे गवत, वाळलेल्या काड्यांची झाडे. नातवाला जोडीला घ्यावे, त्याला जुन्या गाडीच्या गोष्टी सांगाव्यात. गाडी आली की फलाट तयार असेल, आणि न आली तरी संध्याकाळी वाया जाणार नाहीत.

५) पैशाची गोष्ट घरात उघड ठेवा. औषधपाण्याच्या पैशाला हात लावून आगाऊ रक्कम भरू नये. लपवलेला खर्च हा ताणाचे दुसरे घर आहे.

६) गोळीची वेळ दात घासण्यासारख्या रोजच्या कामाशी बांधा. रोज अर्धा तास चालावे. रक्तदाब नियमित मोजून वहीत लिहावा.

कामाच्या टेबलावरील पथ्य

रंग, गोंद आणि सोल्डरिंगचे काम खिडकी उघडी ठेवून करावे. सोल्डरिंगच्या धुराने दमेकऱ्यांचा त्रास वाढू शकतो. जस्ती पत्र्यासारख्या दिसणाऱ्या त्या तारेत अनेकदा शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. बारीक कामात दर वीस मिनिटांनी नजर दूर टाकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाण्यासारखे चपटे बटन-सेल आणि बारीक लोहचुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. अन्ननलिकेत अडकलेला बटन-सेल दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, ज्या छंदासाठी जीव टाकला त्यातही गोडी वाटेनाशी झाली असेल, तर तो केवळ उतावीळपणा नव्हे. त्याला उपचार आहेत. २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. छातीत दुखणे, दम लागणे, एकाएकी बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काही झाल्यास मात्र वाट पाहू नये. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते.

जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे छोटी गाडी असो वा मोठी, आपल्या भागाला वाट पाहणे चुकलेले नाही. तेव्हा गुरुजींनी आज संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून शेंदुर्णीच्या फलाटाचा पुठ्ठा कापायला घ्यावा, आणि त्यापूर्वी गोळी घेतली का, हे घरच्यांनी विचारावे.