ओसरी, माजघर आणि समाजमाध्यमे

जुन्या मराठी घराच्या बांधणीत एक शहाणपण दडलेले असे. दिंडी दरवाजातून आत आलेला टपालवाला अंगणात थांबे. कामानिमित्त आलेला गृहस्थ ओसरीवर टेके; त्याला गूळपाणी तिथेच मिळे. घरोब्याचा माणूस माजघरापर्यंत येई, आणि देवघराचा उंबरा सहसा घरच्यांनीच ओलांडावयाचा. कोणी कुठवर यावे याची पाटी कुठेच लावलेली नसे. भिंती, उंबरे आणि दारे हेच ते सांगत. त्यात पाहुण्याला अपमान वाटत नसे आणि घरच्यांना संकोचही होत नसे.

या घराखेरीज आता बहुतेकांचे आणखी एक घर झाले आहे. ते फेसबुकवर असते, इन्स्टाग्रामवर असते, व्हॉट्सॲपवर असते. तिथे माणूस आपली छायाचित्रे लावतो, मुलाबाळांचे कौतुक सांगतो, सुखदुःखाच्या वार्ता देतो. इंदूर, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला गावाकडच्या माणसांशी जोडणारा तो एक मोठाच दुवा झाला आहे. परंतु या घराची एक गंमत आहे. भिंती आणि दारे यांचे सामान तिथे आणून ठेवलेले असते. ती कुठे उभारावयाची, कोणते दार लावून घ्यावयाचे आणि कोणते उघडे ठेवावयाचे, हे मात्र राहणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. या व्यवस्थेलाच खात्याच्या गोपनीयतेची मांडणी, किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात ‘प्रायव्हसी सेटिंग्ज’, म्हणतात. अनेक जण राहावयास येतात ते थेट माजघरात, आणि दिंडी दरवाजा सताड उघडाच राहतो.

त्याने काय बिघडते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, नागपूरचे एक निवृत्त दांपत्य महिनाभरासाठी मुलाकडे बंगळुरास निघाले आहे. स्टेशनावर काढलेले छायाचित्र ते हौसेने फेसबुकवर लावतात आणि खाली लिहितात, ‘आता महिनाभर नातवाच्या सहवासात!’ दुसऱ्या दिवशी नातवाचे शाळेच्या गणवेशातले छायाचित्र येते. मागे शाळेचे नाव स्पष्ट दिसते. आठवड्याने त्याचा वाढदिवस साजरा होतो आणि त्याचे लाडके नावही सर्वांना कळते. यातील एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे. परंतु खाते सर्वांना खुले असेल, तर नागपूरचे घर महिनाभर बंद आहे, मूल कोणत्या शाळेत जाते आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारली की ते ओ देईल, एवढे सारे एखादा परका माणूस बसल्या जागी जुळवू शकतो. तेच छायाचित्र आणि तेच नाव घेऊन खोटे खाते उघडावयाचे आणि ‘अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठवा’ असा निरोप मित्रमंडळींना धाडावयाचा, हा प्रकार तर आता नेहमीचाच झाला आहे.

काही जण यावर म्हणतात, ‘ज्याला लपवावयाचे काही नाही त्याने भिण्याचे कारण काय?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु माजघराला दार असते ते आत काही पाप चालले आहे म्हणून नसते. माणसाला स्वतःशी आणि स्वकीयांशी मोकळे होण्यासाठी एक आडोसा लागतो. अमेरिकेत १८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोन कायदेपंडितांनी या हक्काची मांडणी करणारा प्रसिद्ध लेख लिहिला, त्यामागे तेव्हा नव्याने आलेले झटपट छायाचित्रण आणि कुणाच्याही घरात डोकावणारी वृत्तपत्रे हेच निमित्त होते. नवे साधन आले की जुन्या आडोशाला भगदाड पडते आणि ते नव्याने बुजवावे लागते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असून घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी तो निगडित आहे. हक्क असा सिद्ध झाला. तो रोजच्या व्यवहारात राखण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

हे काम वाटते तितके अवघड नाही. कोणतेही खाते असो, तीन प्रश्न विचारावयाचे: दिसते कुणाला? गाठता येते कुणाला? आणि किल्ली कुणाकडे आहे?

पहिला प्रश्न दिसण्याचा. फेसबुकवर काहीही लिहिताना ते कुणासाठी आहे हे निवडता येते. ‘पब्लिक’ म्हणजे भर चौक. जगातील कुणीही ते पाहू शकतो. ‘फ्रेंड्स’ म्हणजे ओसरी. ज्यांना मित्र म्हणून स्वीकारले त्यांनाच ते दिसते. काही निवडक माणसांपुरतेही ते ठेवता येते, आणि ‘ओन्ली मी’ म्हणजे आपल्या पेटीतली वही. नेहमीसाठी ‘फ्रेंड्स’ हा पर्याय ठरवून ठेवावा आणि सर्वांना सांगण्याजोगे काही असेल तेव्हाच तो बदलावा, हे बहुतेकांना सोयीचे पडते. जुन्या मजकुराचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. गेल्या दहा वर्षांत खुलेपणाने लिहिलेले सारे एकाच फटक्यात मित्रांपुरते मर्यादित करण्याची सोय तिथे आहे. मात्र एकदा तसे केले की पुन्हा सारे एकदम खुले करता येत नाही. एकेक नोंद उघडावी लागते. भारतातील वापरकर्त्यांसाठी फेसबुकने २०२० साली खात्याला कुलूप घालण्याची सोय दिली. कुलूप घातले की परक्या माणसाला आतला मजकूर दिसत नाही आणि मुखचित्रही मोठे करून पाहता येत नाही. नाव आणि लहान आकाराचे मुखचित्र मात्र बाहेर राहतेच, म्हणून मुखचित्र निवडतानाच विचार केलेला बरा.

आपण काही न लावताही माणूस दिसू शकतो, कारण दुसरे लोक त्याचे नाव जोडून छायाचित्रे लावतात. लग्नसमारंभानंतर हे सर्रास घडते. अशा जोडणीला ‘टॅग’ म्हणतात. टॅग केलेली गोष्ट आधी स्वतः तपासून मगच आपल्या पानावर येऊ देण्याची व्यवस्था फेसबुकवर करता येते. ती चालू ठेवणे हिताचे.

इन्स्टाग्रामचा कारभार अधिक सोपा आहे. खाते एक तर सर्वांना खुले असते किंवा खाजगी. खाजगी केले की नव्या अनुयायाला आधी विनंती करावी लागते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: खाते खाजगी करण्यापूर्वी जे अनुयायी झाले ते आतच राहतात. त्यांतील अनोळखी माणसे एकेक करून काढावी लागतात. दार लावून घेण्यापूर्वी घरात कोण बसले आहे हे पाहण्यासारखेच ते आहे.

दुसरा प्रश्न गाठण्याचा. व्हॉट्सॲपवर ज्याच्याकडे दूरध्वनी क्रमांक आहे तो निरोप पाठवू शकतो. शेवटची हजेरी केव्हा लागली, मुखचित्र कोणते, परिचयात काय लिहिले आहे, हे कुणाला दिसावे ते मात्र ठरवता येते: सर्वांना, ओळखीच्यांना, ओळखीच्यांपैकी काही जण वगळून, किंवा कुणालाच नाही. यात परस्परन्याय आहे. जो आपली शेवटची हजेरी लपवतो त्याला दुसऱ्याचीही दिसत नाही. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणांचेही तसेच, मात्र गटांत त्या खुणा लपत नाहीत. अनोळखी माणसांनी भलत्याच गटात ओढून नेऊ नये म्हणून २०१९ साली आलेली सोयही उपयोगी आहे. ‘ग्रुप्स’ या ठिकाणी ओळखीच्यांपुरती परवानगी ठेवली, की बाकीच्यांना आधी निमंत्रण धाडावे लागते. अनोळखी क्रमांकांवरून येणारे फोन निःशब्द करण्याची व्यवस्था २०२३ साली आली. गुंतवणुकीचे आमिष दाखवणाऱ्या टोळ्यांचा मार्ग बहुधा याच दोन दारांतून जातो. म्हणून ती प्रथम लावावी.

तिसरा प्रश्न किल्लीचा. भिंती कितीही भक्कम असल्या तरी किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की सारे व्यर्थ. म्हणून प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द वेगळा असावा, आणि दुसरी पडताळणीही चालू करावी. व्हॉट्सॲपवर ही पडताळणी ६ आकड्यांच्या गुप्त क्रमांकाने होते. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नये, मग मागणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवो की भाच्याचा मित्र. आपले खाते आणखी कोणत्या संगणकावर उघडे आहे याची यादी खात्यातच पाहावयास मिळते. कचेरीत किंवा छपाईच्या दुकानात कधी काळी उघडलेले खाते तिथेच उघडे राहिलेले असू शकते. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद जातात हे अनेकांना ठाऊक असते. पण त्यांची जी प्रत इंटरनेटवर साठवली जाते तिचे असे कुलूप स्वतः चालू करावे लागते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

इतके सारे केल्यावर माणूस निर्धास्त झाला काय? तसे म्हणता येणार नाही. मित्रांपुरते लावलेले छायाचित्र एखादा मित्रच टिपून पुढे पाठवू शकतो. त्याला कोणतीही मांडणी अडवू शकत नाही. शिवाय या भिंती शेजाऱ्यांसाठी आहेत. घर ज्याने दिले त्या कंपनीला आतले पुष्कळ काही दिसतच असते, आणि तिची कमाई मुख्यतः जाहिरातींवर चालते. याचा धडा २०१८ च्या मार्च महिन्यात साऱ्या जगाला मिळाला. एका प्रश्नावलीच्या निमित्ताने फेसबुकवरील लोकांची माहिती गोळा होऊन ती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेच्या हाती गेल्याचे तेव्हा उघडकीस आले. फेसबुकच्याच सांगण्यानुसार अशा लोकांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकत होती. भारतातील आकडा विशेष बोलका आहे. इथे ती प्रश्नावली उघडणारे अवघे ३३५ लोक होते, परंतु त्यांच्या मित्रयाद्यांमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता कंपनीने वर्तवली. म्हणजे ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांचेही दार शेजाऱ्याच्या घरातून उघडले गेले. ‘तुमचा स्वभाव कोणत्या फुलासारखा आहे?’ असल्या खेळांना खात्याची परवानगी देताना हे आठवावे, आणि पूर्वी दिलेल्या परवानग्या शोधून रद्द कराव्यात.

कंपन्यांवर बंधन घालण्याचे काम कायद्याचे. भारताच्या संसदेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेतली पाहिजे, हे त्यातले एक महत्त्वाचे सूत्र आहे. इन्स्टाग्रामनेही अल्पवयीन मुलांची खाती आपोआप खाजगी ठेवणारी योजना २०२४ साली जाहीर केली आणि २०२५ साली ती भारतात आणली. तीत सोळा वर्षांखालील मुलाला बंधने सैल करावयाची तर पालकांची अनुमती लागते. अर्थात मुलाने वय खरे सांगितले असेल तरच या संरक्षणाचा पुरता उपयोग.

मुलांचा विषय निघाला की मोठ्यांनाही एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. नातवाचे न्हाणीघरातले किंवा रडतानाचे छायाचित्र आजोबा कौतुकाने लावतात. पण त्या मुलाला अजून संमती देता येत नाही. पंधरा वर्षांनी तेच चित्र त्याचे सोबती काढून दाखवतील, तेव्हा कौतुकाची जागा कदाचित लाज घेईल. तीच गोष्ट आजारी आप्ताच्या इस्पितळातील छायाचित्राची, आणि भाचीच्या साखरपुड्याची वार्ता तिच्याआधीच जगाला सांगण्याची. आपले दार लावणे ही सावधगिरी झाली. दुसऱ्याचे दार त्याला न विचारता न उघडणे ही सभ्यता.

आणि सावध राहूनही फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसा गेला असेल तर पहिल्या काही तासांनाच फार मोल असते. खोटे खाते आढळल्यास त्याची तक्रार त्या माध्यमाकडे करावी आणि आप्तेष्टांना ताबडतोब सावध करावे.

दिवाळीपूर्वी घरोघरी साफसफाई निघते. माळे झाडले जातात, कोनाडे पुसले जातात, दाराच्या कड्या-कोयंड्यांना तेल घातले जाते. त्याच दिवसांत अर्धा तास काढून या दुसऱ्या घराचीही फेरी मारावी. मांडणीतील पर्याय अधूनमधून बदलतात, नवी दारे निघतात, जुनी सरकतात. म्हणून एकदा करून हे काम संपत नाही. घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून हे करून द्यावे आणि वडीलधाऱ्यांनी विचारण्यात कमीपणा मानू नये. पाहुण्यांनी गजबजलेली ओसरी आणि शांत माजघर ही दोन्ही एकाच घरात नांदत आली आहेत. नव्या घरातही ती नांदू शकतील. मधला उंबरा तेवढा ज्याचा त्याने बसवावयाचा आहे.