गरब्याचा शेवट संथ हवा
नवरात्रात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मैदानांत आणि सोसायट्यांच्या आवारात गरबा रंगतो. सवलतीचे दिवस सोडले तर ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावा लागतो. त्यामुळे अनेकदा सर्वांत वेगवान गाणी शेवटी येतात आणि दहाच्या ठोक्याला आवाज थांबतो, नाचणारेही थबकतात. शरीराला हे सोसत नाही. नाचताना पायांच्या स्नायूंत भरपूर रक्त जाते आणि स्नायूंच्या हालचालीनेच ते हृदयाकडे परतते. एकदम थांबले की ते पायांतच साचते, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. उपवास करून मधुमेहाची गोळी घेतलेल्याची तर साखरही उतरू शकते.

क्रम बदलायला खर्च काही नाही. सुरुवात दोन टाळीने, वेग मधल्या तासात, मग पाण्यापुरती विश्रांती, शेवटची दहा मिनिटे पुन्हा संथ. ज्येष्ठांचा आणि नवशिक्यांचा फेरा बाहेरच्या बाजूला असावा. आतल्या फेऱ्यात दम लागला तर बाहेर पडायला वाट मिळत नाही. दांडियात जोडीदार सतत बदलतो, तिथे वेग सर्वांना झेपेल इतकाच बरा. छातीत दडपण आले, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, तर गाणे संपायची वाट पाहू नये. लगेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.