आगगाडीचे छायाचित्र आणि ‘निषिद्ध स्थान’

आगगाड्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद असलेली माणसे आपल्याकडे बऱ्याच काळापासून आहेत. इंजिनाचा वर्ग, डब्यांचा रंग, घाटातील वळण, सिग्नलाची जुनी तऱ्हा यांची नोंद ती मोठ्या निष्ठेने ठेवतात. या छंदात कायद्याची अडचण येते, हे त्यांपैकी बहुतेकांस अनुभवाने ठाऊक असते; परंतु ती अडचण नेमकी कोठून येते, याचे उत्तर थोड्यांनाच देता येते. ‘कायद्याने मनाई आहे’ असे अडवणारा म्हणतो, आणि अडवला जाणाराही तेच गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात या मनाईचा शोध अधिनियमांच्या मूळ शब्दांत घ्यावयाचा आहे. लेखक विधिज्ञ नव्हे. तेव्हा कोणते शब्द कोणते कृत्य निषिद्ध ठरवतात आणि कोणते ठरवत नाहीत, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. आपल्याकडील स्थलनामांचे अभ्यासक स्थानकांच्या त्रिभाषी पाट्या टिपत हिंडतात, त्यांनाही हा प्रश्न चुकत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जंक्शनवर प्रस्तुत लेखक उभ्या मालगाडीच्या इंजिनाचे छायाचित्र घेत होता. खिशात प्लॅटफॉर्मचे तिकीट होते. एक हवालदार जवळ आले व म्हणाले, “सर, इथं फोटो काढायला मनाई आहे.” कोणत्या नियमान्वये, असे विचारता उत्तर मिळाले, “वरून ऑर्डर आहे.” पुढे अर्धा तास चौकीत बसणे झाले, कॅमेऱ्यातील चित्रे पुसावी लागली आणि प्रकरण तेथेच मिटले. त्या वेळी राग आला हे खरे. पण नंतर मनात घोळत राहिला तो ‘वरून’ हा शब्द. त्यात पंचमीचा अर्थ आहे, आज्ञा कोठून तरी निघाल्याची सूचना आहे, मात्र आज्ञा करणारा कोण याचा पत्ता नाही. हा कर्ता शोधू लागले की प्रथम हाती येतो तो रेल्वे अधिनियम, १९८९.

या अधिनियमात छायाचित्रण हा स्वतंत्र अपराध म्हणून कोठेही सांगितलेला नाही. छंदिष्टाचा संबंध येतो तो मुख्यतः कलम १४७ शी. कायदेशीर अधिकाराशिवाय रेल्वेच्या कोणत्याही भागात प्रवेश करणे हा त्यातील अपराध असून, मूळ पाठानुसार त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. येथे ‘रेल्वे’ या शब्दाची व्याख्या पाहणे अगत्याचे आहे. बोलण्यात आपण गाडीला रेल्वे म्हणतो, रुळांना म्हणतो आणि खात्यालाही म्हणतो. अधिनियमात मात्र कुंपणाच्या अथवा हद्दीच्या खुणांच्या आतील सर्व जमीन, रूळ, यार्ड, स्थानके, कचेऱ्या हे सारे ‘रेल्वे’ होय. म्हणजे फलाटावर उभा असलेला मनुष्य रेल्वे‘त’ असतो. बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून तीच गाडी टिपणारा मनुष्य तीत नसतो. दोघांच्या कॅमेऱ्यात एकच चित्र उतरले, तरी कलम १४७ च्या दृष्टीने ते दोघे सारखे नाहीत. हे कलम डोळ्यांवर नाही, पायांवर आहे.

तथापि त्याचा उत्तरार्ध अधिक सूक्ष्म आहे. कायदेशीर रीतीने आत आलेला मनुष्यही, त्याने तेथील मालमत्तेचा दुरुपयोग केला किंवा बाहेर जाण्यास नकार दिला, तर अपराधी ठरतो. ‘दुरुपयोग’ हा शब्द ताणावा तितका ताणला जाणारा आहे. प्लॅटफॉर्म तिकिटाचा उपयोग पाहुण्यास पोचवण्यासाठी, इंजिन पाहण्यासाठी नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु फलाटावर उभे राहून पाहणे हा उपयोग असेल, तर तेथूनच पाहिलेले टिपणे हा दुरुपयोग कसा, हे सांगणे त्यालाही अवघड जाईल. ‘नकार’ या शब्दाची गोष्ट निराळी. येथे अपराध घडतो तो संभाषणात: एकाने ‘जा’ म्हणावे आणि दुसऱ्याने जाऊ नये. छायाचित्र निर्दोष असले तरी हा नकार निर्दोष राहत नाही. म्हणून फलाटावर नियमाची चर्चा अवश्य करावी, पण निघून जाण्यास सांगितले असता निघावे.

दुसरा पाठ शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा होय. पोलिसांच्या तोंडी ज्याची अस्पष्ट आठवण असते तो हाच. याच्या कलम २ मध्ये ‘रेखाचित्र’ या अर्थाच्या शब्दात छायाचित्राचाही समावेश केला आहे. कलम ३ मध्ये राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाधक अशा हेतूने निषिद्ध स्थानाजवळ जाणे, तसेच शत्रूस उपयोगी पडेल असे रेखाचित्र, नकाशा, प्रतिकृती किंवा टिपण करणे यांस शिक्षा आहे: संरक्षणविषयक बाबतीत चौदा वर्षांपर्यंत, इतर बाबतीत तीन वर्षांपर्यंत. यातील ‘टिपण’ हा शब्द लक्षात घ्यावा. वहीत इंजिनांचे क्रमांक लिहून ठेवणाराही या शब्दांच्या टापूत येऊ शकतो. परंतु या सर्व क्रियापदांच्या आधी ‘बाधक हेतूने’ हे विशेषण आहे आणि संपूर्ण कलमाचा भार त्याच्यावर आहे. हेतू सिद्ध करण्यासाठी विशिष्ट कृत्य दाखवण्याची आवश्यकता नाही, परिस्थिती, वर्तन व ज्ञात चारित्र्य यांवरून तो दिसून आला तरी पुरे, अशी सवलत अभियोगपक्षास त्याच कलमात दिलेली आहे. त्यामुळे छंदिष्टाने अगदी निर्धास्तही राहू नये. दुसऱ्या बाजूस, शासनाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद केल्याशिवाय न्यायालय अशा अपराधाची दखल घेत नाही, हेही कलम १३ मध्ये आहे.

आता ‘निषिद्ध स्थान’ म्हणजे काय? बारूदखाना, गोदी, छावणी यांसारखी संरक्षणाची ठिकाणे व्याख्येनेच निषिद्ध आहेत. रेल्वे तशी नाही. ती निषिद्ध ठरण्यासाठी केंद्र शासनाने राजपत्रात अधिसूचना काढून तसे जाहीर केले पाहिजे. शिवाय त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत व त्या भागाच्या देशभाषेत लावलेली असली पाहिजे. भाषेच्या अभ्यासकाने या शेवटच्या अटीपाशी क्षणभर थांबावे. इंग्लंडच्या १९११ च्या अधिनियमाच्या वळणावर हा अधिनियम बेतलेला आहे, पण तेथे देशभाषेचा प्रश्नच नव्हता. येथे परकीय सत्तेलाही मान्य करावे लागले, की जो निषेध लोकांच्या भाषेत लिहिलेला नाही तो लोकांवर लादता येत नाही. महाराष्ट्रातील एखादा पूल किंवा यार्ड या कलमाखाली निषिद्ध मानावयाचे, तर तेथे मराठीत अधिसूचना लावलेली असावयास हवी. नुसती पाटी म्हणजे ती अधिसूचना नव्हे.

पाट्यांचे व्याकरण यामुळेच तपासण्याजोगे आहे. रूळ ओलांडण्याविरुद्धच्या पाट्यांवर पुष्कळदा कलमाचा क्रमांक व शिक्षा दिलेली असते. वाचणाऱ्यास निषेधाचे मूळ कळते. ‘छायाचित्रण निषिद्ध’ या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील बहुतेक पाट्यांवर एक नाम व एक विशेषण एवढेच होते. कोणी निषिद्ध केले, कशान्वये, कोठपासून कोठपर्यंत, काही नाही. याउलट ज्या ठिकाणी छायाचित्रणालाच मनाई करावयाची होती, तेथे शासनाने तसे स्पष्ट लिहिले: १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमात छायाचित्रणाचा नाव घेऊन निर्देश केला व लेखी परवानगीची अट घातली. लिहावयाचे असते तेव्हा लिहिता येते, एवढे त्यावरून दिसते.

पहारेकऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली आणि पर्यटक रोज टिपतात ती हीच वास्तू. ज्याला त्या फलाटावर पहारा द्यावयाचा आहे, त्याला कॅमेरा घेऊन रेंगाळणारा मनुष्य संशयास्पद वाटला तर नवल नाही. संशयावरून चौकशी करणे त्याचे कामच आहे. प्रश्न आहे तो चौकशीचे रूपांतर नियमाच्या आभासात होते तेव्हाचा. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली, विशिष्ट संशय नसतानाही झडती घेता येत असे, आणि तिचा ताप रस्त्यांवरच्या व स्थानकांवरच्या छायाचित्रकारांस झाला. १२ जानेवारी २०१० रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा अधिकार खाजगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरवला आणि २०१२ मध्ये त्याच्या जागी मर्यादित तरतूद आली. तेथे निदान भांडण्यास एक कलम होते. ‘वरून’ या शब्दाविरुद्ध कोणत्या न्यायालयात जावे?

चित्रे पुसावयास लावण्याविषयी थोडे. संशयास्पद वस्तू जप्त करण्याचा पोलिसांचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. जप्त करणे म्हणजे जपून ठेवणे व नोंद करणे. नष्ट करणे नव्हे. चित्र आक्षेपार्ह असेल तर ते पुरावा आहे आणि नसेल तर पुसण्याचे कारण नाही. मात्र रात्रीची गाडी गाठावयाची असता हा युक्तिवाद चौकीत कितपत करवतो, हे लेखकाने स्वतः अनुभवले आहे.

या व्यवहारात खरे नुकसान होते ते नोंदींचे. मुंबई विभागातील १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २०१६ पर्यंत सर्वत्र २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि केवळ जुन्या प्रवाहावर चालणारी इंजिने घाटांतून नाहीशी झाली. विदर्भ-खानदेशातील अरुंद मापाच्या मार्गांवरील गाड्याही थांबल्या. त्या मार्गांवरची लहान स्थानके, तेथील पाट्यांवरचे गावांच्या नावांचे जुने लेखन, सिग्नलांच्या खटक्यांवरील अक्षरे, यांची जी चित्रे आज मिळतात त्यांतील पुष्कळशी छंदिष्टांनी काढलेली आहेत. जी पुसली गेली त्यांची यादी कोणापाशीही नाही.

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून काही गोष्टी कराव्यात. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र मराठीतही असावे. त्यात हेतू, दिनांक व स्थानकांची नावे स्पष्ट लिहावीत. मुंबईतील मध्य व पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयांत जनसंपर्क अधिकारी असतात. त्यांच्याकडे आधी अर्ज करावा आणि स्थानकावर पोचताच प्रथम स्टेशनमास्तरांस भेटावे. तिकीट जवळ ठेवावे. रुळांवर उतरू नये, दारूगोळा किंवा लष्करी सामान वाहणाऱ्या गाडीकडे कॅमेरा वळवू नये. जेथे सार्वजनिक रस्त्यावरून काम भागते तेथे कुंपणाच्या आत जाऊच नये. आणि कोणी अडवले तर आदेशाचा क्रमांक व दिनांक नम्रपणे विचारून, मिळेल ते उत्तर जसेच्या तसे वहीत उतरून आणावे. अशी उत्तरे विभागात एकत्र करण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार आहे.