घाटात आकड्याचं चिन्ह बदलतं का?
नाशिकहून मुंबईकडे कसारा घाट उतरताना, बॅटरी काठोकाठ भरलेली नसेल तर, इलेक्ट्रिक गाडीचा करंट उलटा बॅटरीकडे वाहतो. तेव्हा स्कॅनरवर अँपिअरचं चिन्ह बदललं नाही, तर पहिला संशय करंट सेन्सरवर. पी०एबीएफ ते पी०एसी२ हे कोड त्याच्याच सर्किटचे. पण कोड दिसताच महागडा सेन्सर बदलायची घाई नको. गंजलेला कनेक्टरही हेच कोड देतो. गाडी उभी, एसी-दिवे बंद: आकडा शून्याजवळ हवा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या, दोन्ही दिशांचा करंट मोजणाऱ्या हॉल प्रकारच्या करंट सेन्सरचा सिग्नल अशा वेळी साधारण २.५ व्होल्ट असतो. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात फक्त प्रशिक्षित मेकॅनिकनेच लावायचा. सेन्सरच्या मापातली २ अँपिअरची चूक किरकोळ वाटते. पण ८ तासांत ती १६ अँपिअर-तासांची होते आणि चार्जचे टक्के खोटे बोलू लागतात.