आंतरराष्ट्रीय वृत्तमाध्यमे आणि प्रादेशिक नेतृत्व : बाळासाहेब ठाकरे यांच्या वृत्तांकनाच्या संदर्भात

प्रादेशिक नेत्याची दखल आंतरराष्ट्रीय वृत्तमाध्यमे प्रामुख्याने दोन प्रसंगी घेतात : हिंसाचार घडल्यावर किंवा त्या नेत्याचे निधन झाल्यावर. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्याबाबत हे दोन्ही प्रसंग आले. मुंबईतील दंगलींच्या काळात, जानेवारी १९९३ मध्ये, 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने त्यांची मुलाखत प्रसिद्ध केली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर बीबीसी, 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'गार्डियन' यांनी त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेतला.

या लेखनाची चौकट जवळपास एकच होती : व्यंगचित्रकार, हिंदू राष्ट्रवादी, मुंबई बंद पाडू शकणारा नेता, दंगली, श्रीकृष्ण आयोग. यात असत्य काही नव्हते. उलट, मराठीतील श्रद्धांजलीपर लेखनात जो भाग ओझरता आला, तो परदेशी वृत्तपत्रांनी स्पष्ट शब्दांत नोंदविला, हे मान्य करावयास हवे. मात्र या नेत्यामागे लाखो लोक का उभे राहिले, या प्रश्नाचे उत्तर त्या चौकटीत मिळत नाही. दूरच्या वाचकास सर्व काही एकाच विशेषणात सांगावे लागते, आणि ते विशेषण वृत्तसंस्थेकडून वृत्तपत्राकडे जसेच्या तसे जाते.

हे उत्तर शोधण्यासाठी मुंबईबाहेर, कल्याणच्या पुढे यावे लागते. दादर-गिरगाव-लालबागेत घर न परवडलेला मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने बदलापुरात स्थिरावला. मुंबईपासून लोहमार्गाने ६८ किलोमीटर. अंबरनाथची वस्ती आयुध निर्माणी व आगपेटीच्या कारखान्यासारख्या उद्योगांभोवती वाढली. उल्हासनगर तर फाळणीनंतर लष्करी छावणीत वसविलेल्या सिंधी निर्वासितांचे शहर. तेथील पत्ते आजही कॅम्पच्या क्रमांकाने सांगितले जातात. तेथे केवळ 'मराठी माणूस' या घोषणेवर नगरपालिकेचे गणित जुळणे कठीण होते. या पट्ट्यात पक्ष रुजला तो शाखेमुळे. नळजोडणी, शिधापत्रिका, शाळाप्रवेश, रुग्णालयातील खाट अशा कामांसाठी नागरिक शाखेत जात. ठाण्यात आनंद दिघे यांनी २००१ मधील आपल्या निधनापर्यंत हीच कार्यपद्धती जिल्हाभर रुजविली. बाळासाहेबांवरील परदेशी लेखनात या यंत्रणेला फारच थोडी जागा मिळाली.

पालघरचे प्रकरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. अंत्ययात्रेच्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका तरुणीस आणि त्या मजकुरास पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. परदेशी वाचकांसाठी मात्र ते 'मुंबईजवळचे' गाव ठरले. जगभर ही बातमी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आणि फेसबुकची म्हणून गाजली, आणि ते योग्यच होते. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले.

परंतु पोलिसांत तक्रार नोंदविणारा पक्षाचा स्थानिक पदाधिकारी होता, हा तपशील बहुतेक वृत्तांत एका वाक्यापुरता आला. नळजोडणीचा अर्ज पुढे सरकविणारी आणि रविवारी रात्री पोलीस ठाण्याला हलविणारी यंत्रणा एकच होती. परदेशी बातमीदारांना तिचे दुसरे रूप दिसले, मराठी श्रद्धांजलीकारांना पहिले.