चार माणसांचा धंदा (भाग ९) : सात शुक्रवार, एक बुधवार

गेल्या आठवड्यात आपण उचलीचा हिशेब पाहिला. या वेळी दुपारच्या जेवणाकडे वळू. सहा-आठ माणसांच्या धंद्यात मालकाची पारख पगाराच्या दिवशी जितकी होते, तितकीच ती रोज एक वाजता, डबे उघडतात तेव्हाही होत असते.

२०२५ चा मार्च महिना आठवा. २ तारखेला रोजे सुरू झाले, ५ तारखेला राखेचा बुधवार आला आणि १४ तारखेला धुळवड. वसई-विरार पट्ट्यातल्या एखाद्या फर्निचरच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. सुतार हिंदू, पॉलिशवाला मुसलमान, हिशेब पाहणारी बाई ख्रिस्ती, असं मिश्र मनुष्यबळ इथे सर्रास असतं. धुळवडीला मालकाकडून मटण-भाकरी हा बऱ्याच ठिकाणचा रिवाज आहे. पण त्या वर्षी १४ मार्चला शुक्रवार होता आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी कॅथलिक माणसाला मांस वर्ज्य. रोजेदाराला तर दिवसा पाण्याचा घोटही नाही. तिघांतले दोघं नुसते बघत बसतील असा बेत कितीही मायेने केला तरी तो चुकलेलाच. आणि असा बेत अंगलट येतो तो बहुतेक वेळा न विचारल्यामुळे.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार वगळले की दिवस भरतात चाळीस. पाळण्याच्या रीती घरोघरी निराळ्या. कोणी चाळीसही दिवस मांस-मच्छी आणि दारू सोडतं, कोणी फक्त शुक्रवार पाळतं, कोणी आवडीची एखादी गोष्ट सोडून ते पैसे गरजूंना देतं. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला नियम त्या मानाने मोजका आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांनी राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस टाळायचं. अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपासही करायचा, म्हणजे एकच पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं खाणं. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला यातून सूट आहे. मासे, अंडी, दूध, तूप हे सगळं चालतं. भात-भाकरी, डाळ, उसळ यांना तर कसलीच आडकाठी नाही. त्यामुळे ‘आज तुमचा उपास ना’ म्हणत साबुदाण्याची खिचडी मागवण्याची गरज नसते. ती चालते, पण दिवसभर रंधा मारणाऱ्या माणसाला त्यापेक्षा उसळ-भाकरीच हवी असते.

आता कॅलेंडर घ्या. कोणत्याही वर्षी उपवासकाळात गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात आणि राखेचा एक बुधवार. मालकाने ध्यानात ठेवायच्या तारखा एवढ्या आठच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांना खूण करायला दोन मिनिटं पुरतात, आणि ज्याच्यासाठी ती खूण केली आहे त्याला ती रोज दिसते.

धंद्याच्या अंगाने या शुक्रवारांचं महत्त्व ज्याने ओळखलं, तो माणूस अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. लू ग्रोएनने १९५९ मध्ये सिनसिनाटीजवळच्या मॉन्फर्ट हाइट्स भागात मॅकडोनाल्ड्सची शाखा काढली. वस्ती मोठ्या संख्येने कॅथलिक होती आणि त्या काळी तिथले कॅथलिक वर्षभर शुक्रवारी मांस खात नसत. ही सक्ती तिकडच्या धर्माध्यक्षांनी १९६६ मध्ये सैल केली. पण त्याआधी हॅम्बर्गरच्या दुकानाची शुक्रवारची विक्री ७५ डॉलरपर्यंत घसरली होती. जवळच्याच फ्रिश्चच्या उपाहारगृहात मात्र माशाचं सँडविच मिळायचं आणि गिऱ्हाईक तिकडे वळायचं. ग्रोएनने मग स्वतःचं माशाचं सँडविच तयार केलं. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांच्या मनात वेगळंच होतं : पावात भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवायची आणि जे जास्त खपेल ते ठेवायचं असं ठरलं. माशाची ३५० सँडविचं गेली, अननसाची ६. भाव २५ सेंटांत बसावा म्हणून हॅलिबटऐवजी कॉड मासा आला आणि १९६५ पासून ते सँडविच अमेरिकाभर विकलं जाऊ लागलं.

ही गोष्ट सहसा हुशार कल्पनेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं दुसरंच मोलाचं वाटतं. ग्रोएन स्वतः कॅथलिक होता आणि त्याच वस्तीत दुकान चालवत होता, म्हणून शुक्रवारी आपल्या शेजाऱ्याच्या ताटात काय असतं हे त्याला ठाऊक होतं. तुमच्याकडे काउंटरवर उभा असलेला मुलगा किंवा शिलाई मशीनवर बसलेली बाई याच वस्तीतली असते. ताटातलं तिला विचारा. तिचं जेवणही सुधारेल आणि गिऱ्हाइकाचंही कळेल.

आता चुलीकडे. कारखान्यात किंवा दुकानामागच्या खोलीत एक शेगडी, एक कुकर आणि एक कढई, एवढंच धरून चालू. अर्ध्या तासात सहा-सात माणसांचं बिनमांसाचं जेवण व्हायला हवं.

पहिली पसंती चवळीला. सकाळी शटर उघडल्याबरोबर अर्धा किलो चवळी कोमट पाण्यात भिजत घातली की बारा वाजता तीन-चार शिट्ट्यांत शिजते. गोव्यात तिच्या जवळच्या अळसांद्यांचं टोणक करतात, तेच वाटण इथे चालतं : खोबरं आणि कांदा तेलावर खरपूस भाजायचा, त्यात धणे, मिरे, सुकी मिरची, दोन लवंगा. हे वाटण आदल्या रात्री घरी करून आणलं तर कामाच्या जागी फक्त फोडणी आणि एक उकळी उरते. पावाबरोबर खायचं असेल तर रस्सा जरा दाटच ठेवा.

दुसरं, सोराक. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत होणारी ही साधी कढी उपवासकाळालाही नेमकी बसते. सहा जणांसाठी एका नारळाचा चव, आठ-दहा काश्मिरी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा जिरं, थोडी हळद, चार-पाच लसूणपाकळ्या आणि लिंबाएवढी चिंच हे सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. कांदा परतून त्यात वाटण आणि पाणी, वरून दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. दहा मिनिटं मंद उकळलं की झालं. उकडलेली अंडी अर्धी करून सोडली तर कष्टाच्या कामालाही पुरेसं जेवण होतं. वाटण भरड राहिलं तर नारळ एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं, म्हणून मिक्सरला घाई करू नका.

सोराकबरोबर किसमूर हवीच. सुकट तव्यावर दोन-तीन मिनिटं कुरकुरीत भाजायची, डोकी-शेपट्या काढायच्या आणि ओला नारळ, कांदा, तिखट, चिंचेचा कोळ यांत कालवायची. पण सुकट घरून भाजून आणा आणि जेवायला बसतानाच कालवा. आधी कालवली की ती मऊ पडते. शिवाय बंद खोलीत सुकट भाजली तर शाकाहारी सहकाऱ्याला तिथे बसणं अवघड होतं. त्याच्यासाठी वेगळा चमचा आणि वेगळं भांडं ठेवणं एवढं सोपं आहे की ते न करण्याला काही सबब नाही.

आणि सगळ्यांना एकत्र बसवायचंच असेल तेव्हा पिठलं-भाकरी. कांदा-लसूण न घालता, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन केलं तर जैन माणसालाही चालतं. पंधरा मिनिटं लागतात.

जेवणाइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं. दोन उपासाच्या दिवशी गाडी खाली करणं, पोती चढवणं अशी कामं ठेवू नका. मार्च-एप्रिलचं ऊन आणि अर्धवट पोट यांनी माणूस शिडीवरून पडू शकतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. ज्याला तिथे जायचं आहे त्याला सकाळी अर्धा तास आधी बोलवा आणि संध्याकाळी अर्धा तास आधी सोडा. रोजेदारालाही जेवणाच्या सुट्टीचा उपयोग नसतो. तोच वेळ त्याला इफ्तारला घरी पोचण्यासाठी द्या. मात्र हे देताना सर्वांसमोर ‘तुमच्या लोकांना सवलत’ असं बोलू नये. सवलत म्हटलं की घेणारा अवघडतो आणि बाकीचे मोजायला लागतात. नियम सगळ्यांना सारखा सांगावा : ज्याच्या त्याच्या व्रताच्या दिवसांत वेळ पुढे-मागे करता येईल, तास तेवढेच भरायचे.

सुट्ट्यांबाबत महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक चांगली सोय आहे. सणांच्या आठ पगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्यापूर्वी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. कायद्यातल्या कामगारसंख्येत तुमचं दुकान बसत नसलं तरी ही पद्धत उचला. डिसेंबरात सगळ्यांना बसवून चार दिवस निवडले की गुड फ्रायडे, ईद, दिवाळी यांवरून ऐन वेळी रुसवेफुगवे होत नाहीत.

कामाच्या ओघाचाही विचार करा. उपवासकाळात कॅथलिक समाजात लग्नं सहसा होत नाहीत आणि ईस्टरनंतर त्यांची रीघ लागते. केटरर, मंडपवाले, गाऊन शिवणारे यांच्यासाठी हे सहा आठवडे रजा देण्याचे, भांडी-मशीन दुरुस्त करण्याचे आणि नव्या पोराला काम शिकवण्याचे. ते वाया घालवून ईस्टरनंतर माणसांना रात्री उशिरापर्यंत राबवणं हा नियोजनाचा दोष आहे, त्याचं खापर कामगारावर फोडू नये.

बेकरीचं उलटं. गुड फ्रायडेला क्रॉस बनला मागणी असते आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला चर्चमध्ये उपासना. तेव्हा भट्टी पहाटेच लावावी, ख्रिस्ती कामगारांना बारापर्यंत मोकळं करावं आणि दुपारचं काउंटर इतरांनी सांभाळावं. जे थांबतात त्यांना बदली सुट्टी त्याच दिवशी, तारीख घालून लिहून द्यावी. तोंडी कबूल केलेली सुट्टी मे महिन्यात कोणाच्याच लक्षात राहत नाही. बदली सुट्टीची वही कशी आखायची ते पुढच्या भागात पाहू.